शेतातल्या जुन्या गोठ्याचं राहतं घर करायचंय. कौलं उतरवून स्लॅब टाकावा का आणि खर्च किती येईल?

स्लॅब नको. मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर तर अजिबात नको. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला तीस किलोच्या आसपास जातं. कौलं आणि त्याखालचं लाकूड मिळून त्याच्या निम्मंही भरत नाही. पण तुम्हाला छताची काळजी आहे आणि भिंतींबद्दल अवाक्षर नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचा गोठा दिंडोरी तालुक्यात, पाच खणांचा (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा). काळ्या दगडाच्या भिंती, तळखड्यांवर, म्हणजे बुडाशी ठेवलेल्या दगडांवर, सागाचे खांब, आजेसासऱ्यांनी बांधलेला. वाटणीत दोन खण थोरल्या दिरांना गेले, तीन आम्हाला. काम दोघांनी एकाच उन्हाळ्यात काढलं. भाऊजींनी आतून सिमेंटचं प्लास्टर मारलं, खाली कोबा करून चकचकीत फरशी बसवली आणि दीड महिन्यात राहायलाही गेले. मी मात्र अडून बसले, की जिथे साठ वर्षं बैलांचं मूत मुरलंय ती माती आधी उपसायची. "गोठ्याला आंघोळ घालताय का?" असं चार माणसांत ऐकून घेतलं.

हातभर खोल उपसली, ट्रॉल्या भरून वावरात टाकली. खाली दगड आणि मुरूम धुमसला, वर शहाबादी फरशी चुन्यात बसवली. भिंतींनाही चुनाच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे महिनाभर ओली पोती लावून ठेवावी लागली. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधण्यातच आमचे सहा आठवडे गेले.

पाऊस सरला, द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली आणि भाऊजींच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरं फुललं. मग प्लास्टरचे पोपडे. ती बुरशी नव्हती, खार होता. अशाच मातीतून पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी सोरा नावाचा खार काढायचे. हा खार ओलीबरोबर भिंतीत चढतो. ओल उडाली की त्याचे खडे बनतात, आणि सिमेंटच्या मागे कोंडले गेले की तेच खडे प्लास्टर ढकलून पाडतात. वरून पक्की फरशी घातली की जमिनीतली ओल जाणार कुठे? भिंतीतच. चुन्यातून ती बाहेर पडते, खार वरच्या वर येतो, कोरड्या ब्रशने झाडता येतो. पाण्याने धुवायचा नाही, पुन्हा आत जातो.

भाऊजींनी तीनदा वॉटरप्रूफिंग केलं. अजूनही म्हणतात, तुमच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतं. आमची मोरी पश्चिमेच्या टोकाला आहे, त्यांच्या भिंतीपासून तीन खण लांब. पाण्याला एवढं चालत जायची गरज काय? त्यांच्या फरशीखालची माती एकदा उकरून बघा म्हणून मी किती वर्षं सांगतेय.

माझी भिंतही निर्दोष नाही. खालचा दोन फूट चुना एकदा काढून नवा करावा लागला आणि पुढेही लागेल. तुमचा गोठा विटा-सिमेंटचा असेल तर यातलं बरंच लागू नाही. खांबांच्या बुडात पेचकस खुपसून बघा. वाळवीने खाल्लं असेल तर तेवढंच कापून नवा साग सांधता येतो. जुनं लाकूड घ्यायला व्यापारी दारात येतील, देऊ नका. कौलांखाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, केलीत तर मे महिना सुसह्य होतो. आणि दगडी गव्हाण फोडू नका, आमच्याकडे पोरं तिच्यातच गादी टाकून लोळतात.

कागदाचं म्हणाल तर जमीन महसूल संहिता 1966 मध्ये शेतघराच्या व्याख्येत गोठाही येतो आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचं राहणंही. पर्यटकांना भाड्याने देणार असाल तर ते प्रकरण वेगळं, आधी तहसीलला विचारा.

खर्चाचा आकडा भिंती पाहिल्याशिवाय सांगणं चूक ठरेल. प्लास्टरपेक्षा आधी उपसणीचे पैसे बाजूला काढा, एवढं नक्की. दिंडोरीकडे आलात तर दोन्ही भिंती दाखवते, मध्ये एकच दार आहे.