बाळाला तो म्हणू की ती?

प्रश्न: ताई, माझ्या भाचीच्या बाळाला डॉक्टरांनी इंटरसेक्स सांगितलंय. म्हणजे तृतीयपंथी का? घरात सगळे तो-ती वरून अडलेत.

उत्तर: नाही हो, दोन्ही वेगळं. इंटरसेक्स म्हणजे जन्मतःच क्रोमोसोम, हार्मोन किंवा अवयव मुलगा-मुलगीच्या ठरलेल्या साच्यात बसत नाहीत, काहींना तर हे वयात येतानाच कळतं. तो-तीचं म्हणाल तर मराठीत 'बाळ' हे नपुंसकलिंगीच आहे, बाळ रडतंय, बाळ झोपलं, सध्या एवढ्यावर आरामात निभतं! मोठ्या माणसाला मात्र 'ते आलं' म्हणू नका, वस्तूसारखं वाटतं. आदरार्थी 'ते आले' काहींना चालतं (व्याकरणात ते पुल्लिंगीच म्हणा), पण सरळ विचारलेलं बरं, कारण आपल्याकडे नुसत्या सर्वनामाने भागत नाही, जातो-जाते क्रियापदातही येतंच.

आणि एक, 'नॉर्मल' दिसावं म्हणून ऑपरेशनची घाई नको. २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर तामिळनाडू सरकारने जिवाला धोका नसेल तर लहान बाळांवरच्या अशा ऑपरेशनांवर बंदी घातली. हार्मोनच्या तपासण्या मात्र लगेच करा, काही प्रकारांत औषध उशिरा मिळालं तर जिवावर बेततं.