बूस्ट तेवढाच, आरपीएम मात्र पडतोय

भाऊ, नवा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) मागवू नका, निदान या आठवड्यात तरी नको. तुम्ही म्हणता, टर्बोवालं माझदा 13बी रोटरी इंजिन स्टँडवर बांधून, फिक्स्ड पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) पंखा लावून फुल थ्रॉटल दिला की आधी 5600 आरपीएम मिळतो, चार मिनिटांत 5200 वर येतो, आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, शेवटपर्यंत पाऱ्याच्या 45 इंचांवर ठाम. टर्बो नाहीतर त्याचा दाब आवरणारा वेस्टगेट गेला असता तर बहुतेक तो 45 चा आकडाच आधी खाली आला असता.

400 आरपीएम ऐकायला किरकोळ वाटतो. पण पंखा ताकद खातो ती आरपीएमच्या घनाच्या हिशेबानं. 5200 भागिले 5600, त्याचा घन 0.80. पाचवा हिस्सा ताकद गेली!

माझा पहिला संशय तापलेल्या हवेवर. गेज दाब दाखवतो, आत हवा किती गेली ते दाखवत नाही. इंटरकूलरनंतरची (टर्बोत तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून निघालेली) हवा 60 अंशांवरून 100 वर गेली तर त्याच दाबाला ती दहा-अकरा टक्के विरळ होते. आमच्या डिचोलीच्या शेडमध्ये हेच झालं होतं. मे महिना, शर्ट अंगाला चिकटलेला, मागच्या आंब्याची पानं फाटतील अशी फडफडत होती आणि आम्ही खूश. मग कुणाला तरी सुचलं म्हणून इंटरकूलरच्या तोंडाशी लोकरीचा धागा बांधला. तो मेल्यासारखा लोंबत राहिला. इंटरकूलर बसवला होता हबच्या बरोब्बर मागे, आणि पात्याच्या मुळाशी वारा जवळजवळ नसतोच. प्लायवूडचा डक्ट ठोकून बाहेरच्या बाजूचा वारा आत वळवला तेव्हा कुठे आरपीएम टिकला. तुम्ही बागेचा पाइप आधीच इंटरकूलरवर बांधून ठेवा, एअर फिल्टरवर पाणी जाणार नाही असा, आणि रन चालू असताना लांबून नळ सोडा. आरपीएम चढला की चोर सापडला. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

पण त्याआधी फ्युएल प्रेशर. ते बघितल्याशिवाय पुढचा रन करूच नका. रेग्युलेटरची बारीक नळी मॅनिफोल्डला घट्ट आहे ना? 45 इंचांना बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, सात पीएसआयच्या थोडा वर, म्हणजे 43 पीएसआयचं फ्युएल प्रेशर 50 वर चढायला हवं. नळी निघालेली असेल तर पेट्रोल आठ-नऊ टक्के कमी पडतं. आणि चौथ्या मिनिटाला सुई थरथरू लागली तर परतीचं गरम पेट्रोल त्याच छोट्या डब्यात पडतंय का ते पाहा, पंप वाफ ओढत असेल. ई-20 भरत असाल तर इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या मॅपमध्ये इंधन वाढवलंय का तेही बघा. गरम हवा, लीन (पेट्रोल कमी पडलेलं) मिश्रण आणि वर बूस्ट, असं जमलं की डेटोनेशन होतं, म्हणजे मिश्रण धडाक्यात फुटतं, रोटरच्या टोकावरचा एपेक्स सील तुटतो आणि तुकडा थेट टर्बाइनवर जातो. मग मात्र टर्बो खरंच मागवावा लागेल.

कॉम्प्रेशन टेस्ट सगळ्यात शेवटी. साधा गेज फक्त मोठ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. त्याचं रिलीजचं बटण दाबून धरा आणि स्टार्टर मारा, सुई रोटरच्या तीन बाजूंसाठी तीनदा उसळते. लागोपाठच्या दोन उड्या कमी पडल्या तर एपेक्स सील, कारण एक सील दोन कप्प्यांच्या मध्ये असतो. एकच कमी असेल तर बहुधा रोटरच्या सपाट अंगावरचा साइड सील. पण थंडपणी 5600 देणारं इंजिन यात अडकलं असेल असं मला वाटत नाही.

फ्युएल प्रेशरचे दोन आकडे टाका, पहिल्या मिनिटाचा आणि चौथ्या.