पिकअपचा ब्रेक आणि कंपनीचे बोलावणे

प्रश्न : मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक असून शेतमालाच्या वाहतुकीसाठी चार वर्षांपूर्वी नवी डिझेल पिकअप घेतली. केळी भरून चाळीसगाव-कन्नड घाटाने छत्रपती संभाजीनगरला जायचे आणि येताना अद्रक भरून तोच घाट उतरायचा, असे तिचे फेरे चालतात. ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता असल्याने गाडी तपासणीला आणावी, असा कंपनीचा संदेश नुकताच आला. पेडल अधूनमधून दगडासारखे कडक होते, हे माझ्याही लक्षात आले होते. गावातील मेकॅनिकने ब्रेक ऑइल बदलून हवा काढून दिली. फरक पडला नाही. कापणी आटोपेपर्यंत गाडी चालवावी का? खर्च कोणाचा? जादा माल भरत होतो, म्हणून कंपनी हात वर करील का?

उत्तर : पेडल कडक होणे आणि पेडल खाली बसणे ही दोन वेगळ्या दोषांची लक्षणे आहेत. ऑइलमध्ये हवा शिरली, सील गळू लागले किंवा लांब उतारावर ऑइल उकळले, तर पेडल मऊ पडते आणि तळापर्यंत जाते. आपले पेडल कडक होते, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून तयार केलेली पोकळी, मिळत नसावा. त्यामुळे मेकॅनिकने केलेले काम चुकीचे नसले तरी ते या दुखण्यावरचे नव्हते. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा पंप असतो. तो मंदावला तरी ब्रेक पूर्ण निकामी होत नाही, पण तेवढ्याच अंतरात गाडी थांबवण्यासाठी पाय कितीतरी अधिक जोराने दाबावा लागतो आणि भरलेल्या गाडीत तेवढा जोर ऐनवेळी लागेलच, याची खात्री कोणी देऊ नये.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. सपाट जागी हँडब्रेक लावून इंजिन बंद ठेवा आणि पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकले, तर त्या क्षणी मदत मिळते आहे. हलले नाही, तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी कशात तरी दोष आहे. मात्र तुमचा दोष अधूनमधून दिसणारा असल्याने चाचणी उत्तीर्ण झाली तरी शोरूमला जाणे टाळू नका.

अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१९ मध्ये अशाच कारणासाठी सुमारे ३४ लाख मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या होत्या. पंपाची क्षमता काळानुसार घटत असल्याचे तेथे आढळले होते आणि उपाय ब्रेक नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलण्याचा होता. असे काम गावातील गॅरेजमध्ये होत नाही, मेकॅनिक कितीही हुशार असला तरी.

कापणीची घाई मला समजते. कापलेला घड शोरूमच्या तारखेची वाट पाहत नाही. तरीही दुरुस्ती होईपर्यंत भरलेल्या गाडीने घाट उतरू नका, त्या फेऱ्यांना दुसरी गाडी भाड्याने घ्या. शेतातून जवळच्या केळी खरेदी केंद्रापर्यंत नाइलाजाने न्यावीच लागली, तर कमी माल, कमी वेग आणि पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची आपल्याकडची सवय तर निरोगी पंपाच्या गाडीतही घातक आहे, कारण इंजिन थांबले की पंपही थांबतो.

परत बोलावलेल्या दोषाची दुरुस्ती कंपनी विनामूल्य करते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आले, त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि ते सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू आहेत. तुमची गाडी त्यात बसते. जादा मालाने ब्रेकचे लायनर झिजले असतील, तर त्याचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. पण तेवढ्यावरून मूळ दोषाची दुरुस्ती नाकारली, तर नकार लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. पेडल केव्हा, कोठे आणि किती माल असताना कडक झाले, हे शोरूमच्या जॉबकार्डवर (कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे मात्र बंदच करा. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात तोच मुद्दा आधी पुढे येईल.

प्रश्न : मी शहाद्यात जुनी पिकअप विकत घेतली. असा संदेश मला येईल का? — एक वाचक

उत्तर : आरसी बुक अजून पहिल्या मालकाच्या नावावर असेल, तर संदेश बहुधा त्याच्याकडे जाईल. दुरुस्तीचा हक्क मात्र गाडीबरोबर येतो. आरसीवरील सतरा अक्षर-अंकी चॅसी नंबर कंपनीच्या कोणत्याही अधिकृत शोरूममध्ये दाखवून चौकशी करा आणि नंदुरबारच्या आरटीओत नाव व मोबाइल क्रमांक बदलून घ्या.