नाशिकरोडहून ओंटारिओत येताना मुलांच्या धर्मशिक्षणाचं काय करायचं

ताई, तुम्ही विचारलंय की पुढच्या उन्हाळ्यात तीन मुलं घेऊन कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला यायचंय. धाकटी चारची होईल, मधला आठचा, थोरली तेराची. मधल्याचं पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेणं) आणि थोरलीचं कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरणाचा संस्कार) बाकी आहे. इकडच्या कॅथलिक शाळेत ते आपोआप होईल, की नाशिकमध्येच उरकून यावं? माझं उत्तर: मधल्याचं जमलं तर तिकडेच करा, थोरलीचं मुद्दाम इकडे ठेवा.

आधी शाळेचं. ओंटारिओत कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नाही. कॅनडाच्या 1867 च्या संविधानात हा हक्क दिलेला आहे. दहावीच्या पुढच्या वर्गांना पूर्ण अनुदान द्यायचं 1984 मध्ये बिल डेव्हिस मुख्यमंत्री असताना जाहीर झालं. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान या प्रांतांतही अशी सोय आहे. पण नोकरी ऐनवेळी व्हँकुव्हरला लागली तर गणित बदलतं, तिथल्या कॅथलिक शाळा खासगी आहेत आणि फी भरावी लागते. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनच्या कॅथलिक शाळा डफरिन-पील या कॅथलिक शाळा-बोर्डाच्या आहेत. प्रवेशाला मुलाचा किंवा आईबापांपैकी एकाचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि घराचा पत्ता लागतो. भाड्याने राहत असलात तरी कॅथलिक शाळांचे पाठीराखे म्हणून नोंद करण्याचा एक फॉर्म भरून देतात.

आता दाखल्याचं नीट ऐका, कारण आपल्या लोकांची गाडी इथेच अडते. आपल्यात पासपोर्टवर एक नाव, चर्चच्या नोंदवहीत दुसरं. घरी आणि शाळेत आकाश, बाप्तिस्म्याच्या वहीत अँथनी. वडिलांचं नाव कधी मधे, कधी गायब. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग फादरांनी ऐकलं तसं. त्यात बाप्तिस्मा आजोळी, नगर जिल्ह्यात झालेला असला तर नोंदही तिथल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मग्रामात. नाशिकरोडचे फादर ती देऊ शकणार नाहीत, तिकडेच जावं लागेल. निघायच्या आधी पाचही जणांचे दाखले इंग्रजीत, सही-शिक्क्यासह काढा. नावात फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं फादरांचं पत्र सोबत घ्या. इथून फोन करून कोणाला तरी गावी पाठवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

धाकटीची काळजी नको. ज्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत चार पूर्ण होतात, त्या वर्षीच्या सप्टेंबरात तिला ज्युनियर किंडरगार्टन मिळतं. क्रूसाची खूण, जेवणाआधीची प्रार्थना, नाताळचं नाटक, एवढंच. तिला घरी मराठीत प्रार्थना शिकवत राहा, इंग्रजी ती वर्गातून आणेलच.

मधल्याची अडचण खरी. इथे वर्ग वयावर ठरतो, त्यामुळे तो तिसरीत बसेल. आणि पहिलं कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) व कम्युनियन इथे दुसरीत होतं. म्हणजे वर्गातल्या बहुतेक कॅथलिक मुलांचं आदल्याच वर्षी झालेलं, हा एकटा मागे. त्याला पुढे मिळतंच, पॅरिशमध्ये अशा मोठ्या मुलांचा वेगळा गट असतो. पण शाळेच्या मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) सगळे रांगेत कम्युनियन घेतात आणि आपला मुलगा छातीवर हात बांधून आशीर्वादापुरता पुढे जातो. आठ वर्षांच्या पोराला ते खुपतं. तो सध्या रविवारच्या कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जात असेल आणि त्याच्या बॅचचं कम्युनियन तुम्ही निघायच्या आधी असेल, तर तिकडेच होऊ द्या. आजी-आजोबाही असतील. तारीख पुढची असेल तर मात्र फादरांच्या मागे लागून घाईने उरकू नका. त्याने काय काय शिकलंय याचं पत्र आणा आणि इथल्या पॅरिशमध्ये पहिल्याच महिन्यात नाव घाला.

शाळा धर्म शिकवते, पण कम्युनियन-कन्फर्मेशनसारखे संस्कार पॅरिशच देते, हे इथे आलेल्या बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. शाळा वर्गात तयारी करून घेते, पण नावनोंदणी, पालकांची मीटिंग, चर्चमधली तारीख हे पॅरिशच्या ऑफिसातून. रविवारी मिस्सेला न दिसणाऱ्या घरांना फादर प्रश्न विचारतात, आणि माझ्या मते विचारायलाच हवेत.

थोरली आठवीत जाईल. कन्फर्मेशन इथे साधारण सातवी-आठवीत होतं. सातवीत असणाऱ्या पॅरिशमध्ये गेलात तर तिला मागून आलेल्यांच्या गटात बसवतील. तरीही मी ते तिकडे उरकायला सांगणार नाही. तेराव्या वर्षी देश बदलणाऱ्या मुलीला ओळखी करायला एक निमित्त हवं असतं, आणि वर्षभर एकत्र तयारी करणारा गट यापेक्षा चांगलं निमित्त मला दिसत नाही. कन्फर्मेशनला तिच्यासोबत उभी राहणारी धर्ममाता सोळा वर्षांवरची, स्वतः कन्फर्मेशन झालेली कॅथलिक असावी लागते, आईबाप चालत नाहीत. तिची बाप्तिस्म्याची धर्ममाता नाशिकलाच असेल तर तिच्या वतीने इथे कोणी उभं राहू शकतं का, ते आधीच पॅरिशला विचारून ठेवा. कन्फर्मेशन झाल्यावर इथलं ऑफिस बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवतं आणि तिकडच्या वहीत नोंद होते. पुढे लग्नाच्या वेळी तीच नोंद पाहिली जाते, म्हणून तिकडे पोचली का याची खात्री करून घ्या.

नववीपासून दर वर्षी धर्माचा एक विषय असतो. अकरावीत जगातल्या धर्मांची ओळख येते. रामकुंडावरची गर्दी पाहत वाढलेली पोर तिथे शिक्षकांनाच चार गोष्टी सांगेल. बारावीच्या डिप्लोमासाठी 40 तास समाजसेवा लागते, ती पॅरिशमध्येही करता येते.

फेब्रुवारीतली नाशिकरोडची बाळ येशूची जत्रा मात्र चुकणार. मुलांची सुट्टी तेव्हा नसते, आणि हरेगावच्या मतमाउलीची (मारियामातेची) यात्रा तर शाळा सुरू होते त्याच सुमारास येते. नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची असते, नाशिकला यायचं तिकीट तेव्हाचंच धरा.