कचरा म्हणायच्या आधी

चि. …,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. फरशीवर पडलेला जळमटांचा लांबट गोळा, त्यात सुतळीचे धागे, सालीचे तुकडे, चॉकलेटचा चुरगळलेला कागद, आणि शेजारी फुटलेलं इवलंसं अंडं. जांभळ्या सूर्यपक्ष्याचं घरटं. माळ्याने पार्किंगमधली जळमटं काढताना वायरवरून झाडूने ओढलं. तू त्याच्यावर ओरडलीस, मग सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलंस, कुणीतरी त्यावर हसण्याचा इमोजी टाकला, आणि मग मला विचारलंस, ‘काका, तक्रार कुणाकडे करू?’

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं, हे तुला ठाऊकच असेल. पण ते कलम घेऊन तू धावून जाणार कुणावर? माळ्यावर? त्याला कमिटीने सांगितलं, सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे. त्याने केलं. उद्या त्याच्याकडे जा, ओरडल्याबद्दल माफी माग आणि चहा दे. बागेत काय कुठे राहतं हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त त्याला ते आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता मुद्द्याचं. कचरा म्हणायच्या आधी थांब आणि बघ. एवढंच मला येतं, आणि पुढची दोन पानं मी तेच सांगणार आहे.

ते घरटं कचऱ्यासारखं दिसतं, आणि तसं दिसण्यातच त्याचा बचाव असतो. मादी एकटी बांधते. कोळ्याच्या जाळ्याचे तंतू चोचीतून आणते, त्यांनी गवत, साल, कागदाचे कपटे चिकटवते, दारावर छोटीशी पडवी काढते. नर तोवर तारेवर बसून गातो. (आमच्या घरीही हेच चालतं, असं ही म्हणते.) म्हणजे जळमटं झाडली की तिचं सिमेंटच गेलं. ती बहुधा पुन्हा बांधेल, कदाचित त्याच वायरवर. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना. तेवढा महिना त्या कोपऱ्यातला झाडू बंद ठेवता आला तर कायद्याने झालं नसतं इतकं काम होईल. आणि कृपा करून तू दर तासाला फोन घेऊन तिथे उभी राहू नकोस. कावळ्यालाही डोळे असतात.

मी सेक्रेटरी होतो तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. गेटजवळच्या शेवग्याची एक जाड फांदी वाळली होती. खाली स्कूटर लागायच्या. दोघांनी पत्र दिलं, मी सही केली. फांदी खाली आली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला गोल भोक दिसलं, कंपासने काढल्यासारखं. तांबट पक्ष्याचं. आत दोन पिल्लं होती, पिसं न फुटलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत आलो, तर जोडीतला एक जण शेजारच्या फांदीवर बसला होता. चोचीत उंबराचं फळ. बराच वेळ ते फळ चोचीतच होतं.

फांदी धोक्याची होती, हे मी आजही म्हणतो. खाली मुलं खेळायची. कुणाच्या डोक्यात पडली असती तर तुझ्या बाबांनीच मला धारेवर धरलं असतं. पण मी वर बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर दीड महिना स्कूटर पलीकडे लावायला सांगितल्या असत्या, बस. तांबटाला वाळकंच लाकूड लागतं. त्याची चोच सुतारपक्ष्याएवढी दणकट नाही, तो मऊ पडलेल्या फांदीतच ढोली कोरतो. आपण मात्र वाळकी फांदी दिसली की करवत काढतो, आणि मग ‘हल्ली टुक-टुक ऐकू येत नाही’ म्हणून हळहळतो.

तुझ्या ॲपमध्ये एकशे चौदा पक्षी झाले, असं तू मागे लिहिलं होतंस. छान. त्यातले किती जण आपल्या कंपाउंडच्या आत जेवतात? नावं गोळा करणं मीही केलं आहे, वीस वर्षं. त्यातून बागेतलं एक झाडसुद्धा वाचलं नाही. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर पुसण्याआधी नीट बघ. ती लाइम बटरफ्लायची कोवळी अळी असू शकते, तशीच दिसते. काडीने हलकेच डिवचलीस तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. (एकदाच डिवच. तिलाही कामं असतात.) गेटबाहेरच्या फुटपाथला लागून जी रुई उगवली आहे, तिला सगळे तण म्हणतात. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. कोपऱ्यातला एरंड कॉमन कॅस्टर फुलपाखराच्या अळ्यांचा. महापालिकेच्या माणसाने तो उपटला तर तुझ्या फुलपाखरू उद्यानाच्या पाटीचा काय उपयोग?

पालापाचोळ्याचं मात्र जपून. मागच्या भिंतीशी ढीग राहू दे, जाळू तर अजिबात देऊ नकोस, पण त्यात हात घालू नकोस. तिथे धामण येते, उंदरांसाठी. ती बिनविषारी. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही तिच्यावरची जुनी बदनामी. पण घोणसही तसल्याच जागी पडून असते आणि वाळक्या पानांत अजिबात दिसत नाही. म्हणून ढीग दारापासून आणि मुलांच्या घसरगुंडीपासून लांब हवा, काम करताना बूट आणि काठी हवी, साप दिसला तर सर्पमित्राला फोन. धाडस दाखवायला जाऊ नकोस. मी ऐन तारुण्यात दाखवलं आहे. साप पकडून लांब टेकडीवर सोडायचो आणि घरी येऊन छाती फुगवायचो. अनोळखी जागी त्या सापांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

टेकडीवरून आठवलं. तुम्ही मुलं जूनमध्ये झाडं लावायला जाणार आहात. खड्डा खणायच्या आधी तेच. ते पिवळं पडलेलं गवत म्हणजे ओसाड जमीन नव्हे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी घालते. डोक्यावर कुणी ओरडत घिरट्या घालत असेल तर कुदळ खाली ठेव आणि आलीस त्याच वाटेने माघारी जा. आम्ही एका पावसाळ्यात तिथे दीडशे खड्डे खणले होते. टिटव्या ओरडत होत्या. आम्हाला वाटलं, स्वागत करताहेत.

तू विचारलंस, ‘एवढ्याशा बागेने काय होणार?’ हा प्रश्न मला विचारत जाऊ नकोस, मला राग येतो. सूर्यपक्षिणीला एक वायर पुरली होती.

गुरुवारी रात्री आठला कमिटीची मीटिंग आहे. त्याच शेवग्याची आणखी एक फांदी वाळली आहे, या वेळी गेटपासून लांब, खाली कुणी जात नाही अशा बाजूला. तरी ती तोडायचा विषय आहे, अर्ज माझ्याच मजल्यावरून गेला आहे. मी बोललो तर म्हणतात, म्हाताऱ्याला फांद्यांचं वेड लागलंय. तू बोल. पण आधी रोज सकाळी दहा मिनिटं खाली उभी राहून बघ, खालच्या बाजूला ताजा भुसा, भोक, काही दिसतं का. तारीख, वेळ लिहून ठेव. काही नाही दिसलं तर तेही लिही, खोटं घर दाखवू नकोस. माळीदादाला सोबत घेऊन ये, जमलं तर.

विषय पाचवा आहे, म्हणजे साडेनऊ तरी होतील. जेवून ये.

तुझा,
काका