एकदाच लागलेली जाहिरात

गेल्या अंकात अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या जाहिरातींवर मी दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर पोस्टानं, मेलवर आणि दादरच्या भाजीबाजारात गाठूनही लोकांनी प्रश्न विचारले. त्यातले चार इथे घेते. फोर्टमधल्या एका सांजदैनिकात बावीस वर्षं मी परदेशी बातम्यांचं पान लावत होते, त्यामुळे या विषयावर माझी काही ठाम मतं आहेत.

प्रश्न : ताई, मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी वर्गात १९६४ ची ‘डेझी’ जाहिरात दाखवली. ती टीव्हीवर एकदाच लागली आणि तिच्यामुळे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर हरले, असं सर म्हणाले. एकदा दाखवून कुणी हरतं का?
– एक विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : एकदाच लागली हे खरं. ७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री, एनबीसीवर चित्रपट चालू असताना. तू पाहिलीच आहेस, बाकीच्यांसाठी सांगते. एक लहानगी फुलाची एकेक पाकळी तोडत मोजतेय. त्या वयाची मुलं चुकतात तशी मोजताना चुकतेय. ती नऊवर येते तोच एका पुरुषाचा भरड आवाज उलटे आकडे म्हणू लागतो. कॅमेरा तिच्या डोळ्यात खोल शिरतो. शून्य म्हणताच अणुस्फोट. मग अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज येतो : एकमेकांवर प्रेम करा, नाहीतर मरा, असा त्याचा मथितार्थ. एका मिनिटात सगळं संपतं. बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव त्यात कुठेही नाही.

नाव घ्यायची गरजच नव्हती. छोटी अण्वस्त्रं वापरायचा अधिकार नाटोच्या सेनापतींना द्यावा, असं गोल्डवॉटर स्वतःच बोलून बसले होते. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या तोंडाशी गेलं, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. भीती घराघरात होतीच. तिला कुणाचं तोंड द्यायचं ते प्रेक्षकांनी आपलं आपण ठरवलं.

आता ‘एकदाच’ या शब्दाकडे ये. रिपब्लिकन पक्षानं आरडाओरडा केला, जॉन्सन यांच्या लोकांनी जाहिरात पुन्हा लावली नाही. पण वाद झाला म्हणून इतर वाहिन्यांनी ती बातम्यांत दाखवली, अख्खी दाखवली. म्हणजे पैसे एका वेळचे मोजले आणि पुढचं प्रक्षेपण बातमीदारांनी फुकट करून दिलं. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. सरांच्या दुसऱ्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. जॉन्सन आधीपासूनच खूप पुढे होते आणि शेवटी त्यांनी ५० पैकी ४४ राज्यं जिंकली. एवढा मोठा पराभव एका मिनिटाच्या माथी मारता येत नाही.

अभ्यास करायचाच असेल तर १९८८ च्या निवडणुकीचा कर. मॅसॅच्युसेट्स राज्यात कैद्यांना शनिवार-रविवारची सुटी मिळायची. विली हॉर्टन नावाचा खुनाची शिक्षा भोगणारा कैदी अशा सुटीवरून परतलाच नाही आणि पुढे मेरीलँडमध्ये त्यानं एका स्त्रीवर बलात्कार केला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला जखमी केलं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस डेमोक्रॅटिक उमेदवार होते. जॉर्ज बुश (थोरले) यांच्या प्रचारयंत्रणेबाहेरच्या एका गटानं हॉर्टनचा फोटो लावून जाहिरात काढली. गोरे मतदार आणि काळ्या माणसाचा तो चेहरा, यातून काय साधायचं होतं ते उघड आहे. ती जाहिरात केबलवर मर्यादित प्रमाणात दाखवली गेली. तिच्यावर वंशद्वेषाचा आरोप झाला आणि मग ती रोजच्या बातम्यांत आली. सुटीची ही योजना डुकाकिस यांच्या आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती. खुन्यांना सुटी बंद करणारं विधेयक डुकाकिस यांनी १९७६ मध्ये अडवलं, हेही तितकंच खरं.

बुश यांच्या स्वतःच्या प्रचाराची जाहिरात वेगळी होती. कैदी एका फिरत्या दारातून आत जातात आणि बाहेर येतात. निवेदक सांगतो की डुकाकिस यांनी खुन्यांना सुटी दिली. त्याच वेळी पडद्यावर अक्षरं येतात : २६८ पळाले. निवेदकाचं वाक्य खरं, आकडाही खरा. पण त्या २६८ मध्ये पहिल्या दर्जाच्या, म्हणजे सगळ्यात गंभीर मानलेल्या खुनाचे कैदी फक्त चार होते. ऐकणाऱ्याच्या मनात २६८ खुनी मोकाट सुटले. खोटं एकही वाक्य न बोलता खोटं कसं पेरतात, हे तुला वर्गात समजावून सांगायचं असेल तर सरांना ही जाहिरात दाखवायला सांग.

त्या निवडणुकीनंतर अमेरिकी पत्रकारांनी जाहिरातींची तपासणी सुरू केली, आणि त्यातही अडचण आली. दावा खोटा आहे हे सांगायला जाहिरात पूर्ण पडद्यावर दाखवली की लोकांच्या लक्षात जाहिरातच राहते, तपासणी नाही. म्हणून कॅथलीन हॉल जेमिसन या संशोधिकेनं सुचवलं की जाहिरात पडद्यावरच्या छोट्या, तिरक्या चौकटीत दाखवा, म्हणजे ती पुरावा म्हणून दिसेल. काही वाहिन्यांनी ते केलं. आपल्याकडच्या कुठल्याही व्हायरल क्लिपची ‘पोलखोल’ पाहताना हे आठव.

प्रश्न : ताई, २०२४ च्या गौरीपूजनाच्या सकाळी साडेसहाला मी ओट्यावर फोन उभा करून हॅरिस आणि ट्रम्प यांचं डिबेट ऐकत होते. पुरण शिजेपर्यंत निम्मं झालं. मुलगी न्यू जर्सीला असते म्हणून ओढ. दुपारी सवाष्ण जेवून उठेपर्यंत ग्रुपवर दोन्ही बाजूंच्या क्लिप आल्या आणि दोन्हीकडे ‘आम्हीच जिंकलो’. मला सकाळी जे वाटलं ते खरं की दुपारी दाखवलं ते? जिंकलं कोण ते ठरवतं कोण?
– एक गृहिणी, गिरगाव

उत्तर : तुम्हाला सकाळी वाटलं ते तुमचं होतं. ते जपा, असं मी मनापासून सांगते. याला कारण १९७६ ची एक रात्र आहे.

६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर समोरासमोर. फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकियात रशियाची पकड असताना! प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचाही कानावर विश्वास बसेना, त्यानं पुन्हा विचारलं, फोर्ड तेच बोलले. तरी त्या रात्री लगेच ज्यांना फोन करून विचारलं, त्यांच्यात फोर्ड काही पडलेले नव्हते. लोक घरी बसून दीड तास ऐकत होते, त्यात हे एक वाक्य होतं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आणि टीव्ही दिवसभर तेच वाक्य उगाळत राहिले. संध्याकाळपर्यंत विचारलेल्यांच्या मते कार्टर भरघोस जिंकले होते. चर्चा तीच, पाहणारे तसेच, मधे फक्त एक दिवस गेला होता. फोर्ड यांची चूक मोठी होती आणि ती लोकांना दाखवून देणं पत्रकारांचं कामच होतं. पण बाकीचा दीड तास त्या एका वाक्याखाली गाडला गेला, त्याचं काय?

वाईट वाटतं ते याचं, की मीही असलं केलं आहे. १९६० ची केनेडी-निक्सन चर्चा रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट मी दोनदा चौकटीत छापली. वाचायला छान होती. पुढे कळलं की तिचा मुख्य आधार एकच पाहणी आहे, त्यात रेडिओ ऐकणारे थोडे होते आणि ते मुळात कुणाकडे झुकलेले होते याचा पत्ता नाही. शिकागोच्या त्या स्टुडिओत २६ सप्टेंबरला निक्सन थकलेले दिसत होते हे खरं. गुडघ्याच्या दुखण्यानं ते रुग्णालयात राहून आले होते, वजन उतरलं होतं आणि करडा सूट मागच्या भिंतीत मिसळून जात होता. तेवढं नक्की सांगता येतं.

तुम्ही ऐकलेल्या चर्चेबद्दल एवढंच म्हणते की फिलाडेल्फियात प्रेक्षक नव्हते आणि एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद होता, हे दोन्ही मला आवडलं. टाळ्या आणि हशा माणसाचा कौल फिरवतात. ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमधले स्थलांतरित तिथल्या इतर रहिवाशांची कुत्री-मांजरं खातात असं ट्रम्प म्हणाले, तेव्हा सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या व्यवस्थापकाकडे असा एकही विश्वासार्ह पुरावा नाही. हा पक्षपात झाला, असं पुष्कळ जण म्हणाले. मला तो धर्म वाटतो. एका गावातल्या माणसांवर कोट्यवधी लोकांसमोर आरोप होत असताना गप्प बसणं ही कसली तटस्थता? पुढच्या वेळी एक करा : चर्चा संपली की ग्रुप उघडण्याआधी कुणाचं काय पटलं ते दोन ओळींत लिहून ठेवा आणि मुलीलाही तिकडे लिहायला सांगा. मग फोनवर एकमेकींना वाचून दाखवा.

प्रश्न : जाहिरात धडधडीत खोटी असली तरी तिकडच्या वाहिन्या ती नाकारत का नाहीत? आपल्याकडे काय नियम आहे?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : उमेदवाराची स्वतःची जाहिरात असेल तर हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राला ती कापता येत नाही. १९३४ च्या दळणवळण कायद्यातच तसं आहे. म्हणून त्यातल्या मजकुरासाठी बदनामीचा दावाही केंद्रावर चालत नाही. बाहेरच्या गटांच्या जाहिराती केंद्राला नाकारता येतात, पण निवडणुकीच्या हंगामातलं ते उत्पन्न सोडायला फारसं कुणी तयार नसतं. ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यातल्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानंतर या गटांच्या खर्चावरची मर्यादा उठली. तेव्हापासून घाणेरडं काम त्यांनी करायचं आणि उमेदवारानं हात वर करायचे, हे सोपं झालं. ‘मी या संदेशाला मान्यता देतो’ असं उमेदवार स्वतःच्या आवाजात म्हणतो ना, ते २००२ च्या कायद्यानं आलं. शिव्या देताना तोंड दाखवावं लागलं तर लाज वाटेल, ही अपेक्षा होती. तशी लाज वाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

आपल्याकडे २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी निवडणूक आयोगाच्या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. मला ही पद्धत बरी वाटते, पण तिची पकड जाहिरातीपुरती. रात्री नऊच्या चर्चेत कुणी काय बोलावं, ते कुठली समिती आधी वाचते?

प्रश्न : मॅडम, आमच्या गल्लीचं गटार दर पावसाळ्यात तुंबतं. नगरसेवकाला विचारायचं सोडून मराठी मासिकात अमेरिकेच्या भांडणांची पानं कशाला?
– एक निवृत्त वाचक, मुलुंड

उत्तर : काका, गटाराचा प्रश्न खरा आहे आणि तो संपादकांकडे मी वेगळा दिला आहे. पण अमेरिकेचं भांडण मुलुंडपर्यंत पोचतं, आणि एकदा ते माझ्या हातून पोचलं आहे.

८ नोव्हेंबर २०००, बुधवार. अमेरिकेत मतदानाची रात्र, आपल्याकडे दिवस. तिथे त्या रात्री निवडणूक आयोग निकाल सांगत नाही. मोजणी चालू असते आणि वाहिन्या अंदाज बांधून राज्यं जाहीर करतात. आपल्या सकाळी सव्वासहाच्या सुमाराला त्यांनी फ्लोरिडा डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना देऊन टाकलं. फ्लोरिडाचा पश्चिमेकडचा पट्टा दुसऱ्या प्रमाणवेळेत आहे, तिथे मतदान अजून चालू होतं! साडेआठच्या आसपास तो अंदाज मागे घेतला. दुपारी पावणेएकला फॉक्सनं बुश (धाकटे) यांना फ्लोरिडा आणि त्याबरोबर अध्यक्षपद दिलं. चार-पाच मिनिटांत बाकीच्या मोठ्या वाहिन्याही मागोमाग गेल्या.

आमचं पहिलं पान दुपारी एकला सुटायचं. माझ्या टेबलावर एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेचे कागद होते. एपीनं बुश यांना फ्लोरिडा दिलेलं नव्हतं, फरक फार थोडा आहे म्हणून ती थांबली होती. भिंतीवरच्या टीव्हीत मात्र एकेक वाहिनी तेच सांगत होती. इतक्या सगळ्या एकदम कशा चुकतील, असं वाटलं. त्या सगळ्या एकाच संस्थेच्या आकड्यांवर अवलंबून होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मथळा लिहिला, ‘बुश विजयी’, आणि पान सोडलं.

अडीचच्या सुमाराला वाहिन्यांनी तेही मागे घेतलं. गोर यांनी बुशना फोन करून हार मान्य केली होती, त्यांनी पुन्हा फोन करून ती परत घेतली. तोवर आमचे गठ्ठे टॅक्सीनं चर्चगेट आणि सीएसटीला गेले होते. मी वितरणाच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, बाई, निम्मा अंक खपला. संध्याकाळच्या गाड्यांत लोक तो उघडून वाचत कल्याण-विरारपर्यंत गेले.

फेरमोजणी, कोर्टकज्जे होऊन १२ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ५३७ मतांच्या फरकानं फ्लोरिडा बुश यांच्याकडेच गेलं. त्या दिवशी ऑफिसात एकानं माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, बघ, तुझा मथळा बरोबरच होता. तो बरोबर नव्हता. ८ नोव्हेंबरला दुपारी एक वाजता कोण जिंकलं ते कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही, आणि थांबायला सांगणारा कागद माझ्या हाताखाली होता. काका, तुम्ही तेव्हा नोकरीत असाल तर पाचच्या गाडीत तो अंक तुमच्याही हातात असेल.