ठाण्यात रुजू होणाऱ्या नव्या परिचारिकेस

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार जगातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १३ टक्के मृत्यू हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने झाले. पक्षाघातही त्या यादीत वरच आहे. म्हणून वागळे इस्टेटमधून रात्री आलेली एखादी मधुमेही आजी "छातीत दुखत नाही गं, नुसता घाम सुटलाय, जीव घाबरा होतोय" असे म्हणाली, तर ॲसिडिटी समजून तिला बाकावर बसवून ठेवू नका. अशा रुग्णांना छातीत कळ येतेच असे नाही, त्यामुळे डॉक्टरांना तत्काळ कळवून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघेल हे पाहा. रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाला ५ मिनिटे शांत बसू द्या आणि त्याचा हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. घाईत घेतलेल्या नोंदीवरून कोणाचे औषध ठरावे, हे मला आजही फार खटकते.